दिवा कोणाचं ऐकतो? घरातल्या बिनतारी प्रोटोकॉलच्या चढाओढीची पार्श्वभूमी

स्मार्ट बल्बच्या खोक्यावर हल्ली बारीक आकारात बरीच बोधचिन्हं दिसतात. झिगबी, थ्रेड, मॅटर, वाय-फाय, ब्लूटूथ. काम काय, तर दिवा लावायचा आणि मालवायचा. त्यासाठी एवढा गोतावळा कशाला, हे कोडं साहजिक आहे. गोंधळ वाढतो तो यातली काही नावं रेडिओची, काही रेडिओवरून बोलायच्या भाषेची आणि काही दोन्हींची असल्यामुळे. माझ्या मते रेडिओचा प्रश्न बऱ्याच आधी मार्गी लागला होता. पुढची वीसेक वर्षं खरं भांडण चाललं ते भाषा कोणाची चालणार आणि घराची किल्ली कोणाच्या खिशात राहणार, यावर.

सुरुवात झाली ती तारेतूनच. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेसची पिको इलेक्ट्रॉनिक्स ही कॅल्क्युलेटरच्या चिप बनवणारी कंपनी. १९७५ मध्ये तिने हाती घेतलेला दहावा प्रकल्प म्हणून त्याचं नाव एक्स-१०. घरात वीज नेणाऱ्या तारा आधीच भिंतीत आहेत, मग हुकूमही त्यातूनच पाठवू, ही कल्पना. विजेचा प्रवाह दिशा बदलताना व्होल्टेज क्षणभर शून्यावर येतं, नेमक्या त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा ठोका सोडायचा. ठोका असला तर एक, नसला तर शून्य. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकात सोळा उपकरणं, म्हणजे २५६ पत्ते. एक पूर्ण हुकूम पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागायचा.

दुखणं वेगात नव्हतं. मूळ एक्स-१० मध्ये ‘मिळालं’ अशी पोच देण्याची सोयच नव्हती. दिवा लागला की नाही, हे उठून पाहायचं. कुठल्या तरी उपकरणाच्या विद्युत गोंगाटात ठोका हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही, आणि शेजाऱ्याचा गृहसंकेत तुमच्याशी जुळला तर त्याच्या बटणाने तुमचा दिवा लागायचा. पुढच्या प्रत्येक प्रोटोकॉलने पोच आणि ओळख या दोन गोष्टी आधी सोडवल्या, त्या याच अनुभवाला वचकून.

तारेतून हवेत येताना पहिला निर्णय लहरीचा. १९९९ मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या झेनसिस कंपनीने झेड-वेव्ह या आपल्या बिनतारी प्रोटोकॉलसाठी एक गिगाहर्ट्झच्या खालचा पट्टा निवडला, युरोपात ८६८.४२ आणि अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ. कमी वारंवारतेची लहर भिंती ओलांडायला बरी, आणि तिथे वाय-फायची गर्दी नाही. वेग सुरुवातीला सेकंदाला फक्त ९.६ किलोबिट, पण ‘दिवा लाव’ म्हणायला किती बिट लागतात? किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागली. पट्टे देशागणिक निराळे असल्याने एका खंडातलं उपकरण दुसऱ्या खंडात मुकं. शिवाय तंत्रज्ञान एकाच कंपनीच्या मुठीत. ती मूठ २००८ मध्ये सिग्मा डिझाइन्सकडे गेली, २०१८ मध्ये सिलिकॉन लॅब्सकडे. या मालकीचा फायदाही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. दोन कंपन्यांची झेड-वेव्ह उपकरणं एकमेकांशी नीट बोलायची, कारण बोलायचं कसं हे एकाच घरात ठरत होतं.

झिगबीने उलट वाट धरली. २००२ मध्ये कंपन्यांची आघाडी झाली, २००३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.१५.४ हे रेडिओचं मानक काढलं आणि त्यावर २००४ च्या अखेरीस झिगबीचा पहिला मसुदा मंजूर झाला. नाव मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून, ज्यातून माशी पोळ्यातल्या सोबतिणींना फुलांची दिशा सांगते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास जगभर खुला, चॅनेल सोळा, वेग सेकंदाला २५० किलोबिट. चिप कोणीही बनवावी.

दोन्हींचा आत्मा एकच, तो म्हणजे जाळं. भिंतीतल्या विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. बॅटरीवरचा दाराचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याच्यासाठी आलेला निरोप शेजारचा बल्ब सांभाळून ठेवतो, सेन्सर जागा होऊन विचारतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून नाण्याएवढ्या बॅटरीवर तो वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतो. आता घरातलं कुणीतरी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, भिंतीवरच्या बटणानेच तो बल्ब बंद करतं. दिवा मालवला एवढंच त्याला वाटतं. प्रत्यक्षात एक टपालनाका बंद पडलेला असतो आणि पलीकडच्या खोलीतले सेन्सर नवा रस्ता शोधत बसतात.

२.४ गिगाहर्ट्झची गर्दी हे झिगबीचं जुनं दुखणं. वाय-फायचे चॅनेल १, ६ आणि ११ मिळून पट्ट्याचा मोठा भाग अडवतात. झिगबीचे १५, २०, २५ आणि २६ हे त्यांच्या फटीत किंवा कडेला बसतात, म्हणून जाणकार ते निवडतात. माझ्याकडे एकदा रात्री ठरावीक वेळी सेन्सर गायब व्हायचे. आठवडाभर चॅनेल बदलत बसलो. निघालं असं, की झिगबीचा रेडिओ असलेली यूएसबी कांडी ज्या यंत्रात होती त्याच्याच शेजारच्या खाचेत यूएसबी ३ ची डिस्क होती आणि रात्री तिच्यावर बॅकअप चालायचा. यूएसबी ३ ची वाहतूक नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. मीटरभर लांबीच्या वायरने कांडी दूर नेली आणि प्रश्न मिटला.

खरी गफलत मात्र रेडिओच्या वर होती. झिगबीने घरासाठी एक प्रोफाइल, म्हणजे हुकुमांचा ठरलेला संच, काढलं, दिव्यांसाठी वेगळं, शिवाय कंपन्या पदरचे हुकूम घालायला मोकळ्या. खोक्यावर झिगबी लिहिलेली दोन उपकरणं एकमेकांना ओळखत नसत. २०१२ मध्ये फिलिप्सचे ह्यू दिवे आले ते दिव्यांच्या प्रोफाइलवर. ही विखुरलेली बोली एकत्र करणारं झिगबी ३.० यायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी वाइझमन इन्स्टिट्यूट आणि डलहाउसी विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रोनवरच्या उपकरणाने इमारतीतल्या ह्यू दिव्यांचा ताबा दुरूनच घेऊन दाखवला. दिवा जोडताना तो हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे, ही अट तपासणाऱ्या कोडमध्ये चूक होती. ती दुरुस्त झाली, पण दिव्यालाही कुलूप लागतं हे तेव्हा कळलं.

दरम्यान वाय-फाय मागच्या दाराने घरात शिरलं. २०१४ मध्ये एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही अतिशय स्वस्त वाय-फाय चिप आली आणि हबशिवाय, म्हणजे उपकरणांना नेटवर्कशी जोडणाऱ्या मधल्या डब्याशिवाय, चालणाऱ्या प्लगांचा, दिव्यांचा पूर आला. सोपं प्रकरण: राउटर आहेच, अ‍ॅप टाका, झालं. वीज जास्त खाणारं असल्याने बॅटरीच्या सेन्सरला ते फारसं मानवलं नाही. त्याहून वाईट म्हणजे यातल्या बऱ्याच उपकरणांचा हुकूम आधी दूरच्या सर्व्हरवर जाऊन मग दोन हातांवरच्या दिव्याकडे यायचा. ब्लूटूथनेही २०१७ मध्ये स्वतःचं जाळं जाहीर केलं, पण घरात ते मुख्यतः पहिल्या जोडणीपुरतंच उरलं.

सर्व्हरवर विसंबण्याचा अर्थ २०१६ च्या मे महिन्यात स्पष्ट झाला. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, आत सात रेडिओ, म्हणजे सगळ्यांशी बोलणारा. स्मार्ट उपकरणं बनवणाऱ्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि दीड वर्षाने सेवाच थांबवली. तीनशे डॉलरचा डबा एका तारखेनंतर निकामी. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या घरगुती उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गप्प झाले, तारेतून आणि हवेतून दोन्हीकडून बोलणारी जोडप्रणाली असूनही. रेडिओ दोन्ही वेळा ठणठणीत होते.

थ्रेडचा जन्म याच काळातला. २०१४ च्या जुलैमध्ये नेस्ट, सॅमसंग, एआरएम यांच्यासोबत पंखे आणि कुलपं बनवणाऱ्या कंपन्याही एकत्र आल्या. रेडिओ त्यांनी नवा काढला नाही. झिगबीचाच ८०२.१५.४ घेतला आणि त्यावर इंटरनेटचा पत्ता, आयपीव्ही६, बसवला. इथली अडचण मोठी मजेदार आहे. रेडिओचं पाकीट फार तर १२७ बाइटचं आणि आयपीव्ही६ चा नुसता मथळाच ४० बाइटचा. पाकिटावरचा पत्ता एवढा लांबलचक की पत्राला जागा उरेना. त्यावर पत्ता आखडून लिहिण्याची रीत २००७ मध्येच मानक म्हणून ठरली होती, थ्रेडने ती वापरली. यामुळे बल्ब थेट नेटवर्कचा रहिवासी झाला, मधल्या दुभाष्याची गरज संपली. पण पत्ता असला म्हणजे भाषा आली असं नाही. ‘उजेड निम्मा कर’ हे कुठल्या शब्दांत म्हणायचं, याबद्दल थ्रेड गप्पच होता.

ती जागा भरायला २०१९ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी आघाडी एका टेबलाशी बसले. २०२१ मध्ये झिगबी आघाडीने स्वतःचं नावही बदललं आणि प्रकल्पाला मॅटर म्हटलं. पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवे, कुलपं, पडदे, सेन्सर अशा मोजक्या प्रकारांपुरती, कॅमेरे बाहेरच. मॅटर हा रेडिओ नाही. तो थ्रेडवर, वाय-फायवर किंवा इथरनेटच्या तारेवर बोलतो, जोडणीपुरतं ब्लूटूथ वापरतो. हुकूम घरातल्या घरात फिरतो आणि एकच दिवा एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या अ‍ॅपचं ऐकू शकतो. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तरीही गुंता राहिलाच. थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडायला सीमेवरचा राउटर लागतो, आणि तो एखाद्या स्मार्ट स्पीकरच्या नाहीतर स्मार्ट डिस्प्लेच्या पोटात असतो. एकाच फळीवर दोन कंपन्यांचे असे डबे ठेवले, तर दोघं आपापलं स्वतंत्र जाळं विणायचे, कारण एकाच्या जाळ्याची किल्ली दुसऱ्याला कशी द्यायची याची ठरलेली रीत नव्हती. रेडिओ एक, भाषा एक, आणि बल्ब मात्र शेजारच्या बल्बचा निरोप पुढे नेईना. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या थ्रेड १.४ ने किल्ली देण्याघेण्याची रीत ठरवून दिली. आधीच फळीवर बसलेल्या डब्यांना ती मिळणार की नाही, हे ज्याने तो डबा विकला त्याच्या अपडेटवर अवलंबून आहे.