बहुगुणन, बेरी पिकांतील

ब्ल्यूबेरी, स्ट्रॉबेरी, गूसबेरी इ. पिकांत गुणसूत्रांचे संच कृत्रिम रीत्या वाढविण्याची पद्धती. वंध्य संकर फलनक्षम करणे व भिन्न गुणिततेच्या (गुणसूत्रसंचांची संख्या वेगळी असलेल्या) जाती संकरासाठी एका पातळीवर आणणे, हे तिचे मुख्य उपयोग. काळा करंट व गूसबेरी यांच्या वंध्य संकराची गुणसूत्रे दुप्पट करून जर्मनीत रूडोल्फ बाउअर यांनी जोस्टाबेरी सिद्ध केली (प्रसारण १९७७).

ब्ल्यूबेरीची (व्हॅक्सिनियम) मूळ (एका संचातील) गुणसूत्रसंख्या १२. लागवडीतील उंच झुडपाची हायबुश ब्ल्यूबेरी चतुर्गुणित (चार संच, ४८), तर फ्लॉरिडातील सदाहरित, कमी थंडीत फुलणारी व्हॅ. डॅरोई द्विगुणित (दोन संच, २४) आहे. त्यांचा थेट संकर केल्यास भ्रूणपोष (बियांतील भ्रूणाला पोसणारी ऊती) बिघडतो व त्रिगुणित (तीन संचांचे) बी सहसा धरत नाही. हायबुशचे चतुर्गुणन एकाच जातीत झाले की दोन जातींच्या संकरातून, याविषयी मतभेद आहेत. मात्र चिन्हक (सहज ओळखता येणाऱ्या) जनुकांची आनुवंशिकता चतुःसूत्री (चारही समान गुणसूत्रे आपसांत कशीही जुळणारी) आढळल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. प्रजननकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, अप्रभावी (प्रभावी जनुकासमोर झाकला जाणारा) गुण दिसण्यास जनुकाच्या चारही प्रती सारख्या लागतात आणि त्यासाठी संतती मोठी घ्यावी लागते.

गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी कॉल्चिसीन हे नेहमीचे द्रव्य असून ते कॉल्चिकम ऑटम्नेल या वनस्पतीतून मिळते. आपल्याकडील कळलावीतही ते असते. ते कोशिकेतील सूक्ष्मनलिका जुळू देत नाही. त्यामुळे तर्कू (विभाजनात गुणसूत्रे वेगळी ओढणारी रचना) बनत नाही व दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच कोशिकेत राहतात. ऊतिसंवर्धनातील वाढत्या कोंबांचे तुकडे साधारणतः ०.०१ ते ०.२ टक्के द्रावणात २४ ते ४८ तास हलते ठेवून नंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात. ०.१ टक्का म्हणजे लिटरला १ ग्रॅम. द्रावण उष्णतेने नव्हे, तर गाळून निर्जंतुक करतात व अंधारात ठेवतात, कारण प्रकाशाने ते निष्क्रिय होते. मात्रा जास्त झाली तर कोंब काळे पडतात. कमी झाली तर जगतात, पण दुप्पट होत नाहीत. द्रव्य विषारी असल्याने हातमोजे आवश्यक. ओरायझॅलिन हे तणनाशक वनस्पतींच्या ट्युब्युलिनाला (सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला) अधिक घट्ट बांधले जाते, म्हणून ते फार कमी मात्रेत पुरते.

खरी अडचण मिश्रगुणित (काही कोशिका दुप्पट, काही नाहीत अशा) कोंबांची असते. पर्णरंध्राच्या रक्षक कोशिका मोठ्या दिसल्या, तरी तो पुरावा फक्त बाह्य थराचा (एल-१) होय. युग्मके (प्रजनन कोशिका) त्याखालील एल-२ थरातून येतात. म्हणून फुलोऱ्यावर परागांचा आकारही मोजावा. ब्ल्यूबेरीचे पराग चौकडीने जुळलेले असतात. चतुर्गुणिताची चौकडी मोठी भरते. पानाची प्रवाह-कोशिकामापन (फ्लो सायटोमेट्री; कोशिकांतील डीएनएचे प्रमाण मोजणारी) चाचणी जलद आहे, पण एकाच पानावर विसंबू नये. दोन-तीन पुनर्लागवडींनंतर ती पुन्हा करावी.

दुप्पट केलेली झाडे जाड पानांची, मंद वाढीची व कमी बियांची निघू शकतात. ब्ल्यूबेरीत फळाचा आकार बियांच्या संख्येशी निगडित असल्याने फळ मोठेच येईल असे नाही. शिवाय दुप्पट होण्याने नवे वैविध्य येत नाही. म्हणून नैसर्गिकपणे अपचयित न झालेले (गुणसूत्रसंख्या निम्मी न झालेले) पराग असलेले द्विगुणित शोधणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली चौकडीऐवजी जोडी दिसली की असे पराग ओळखता येतात. व्हॅ. डॅरोईच्या ‘फ्लॉरिडा ४बी’ या निवडीचा चतुर्गुणित ‘ब्ल्यूक्रॉप’शी संकर करून ‘यूएस ७५’ हा फलनक्षम चतुर्गुणित कॉल्चिसीन न वापरता मिळाला.