रॅमजेटला पहिला धक्का कोण देतं?

‘रॅमजेट या प्रकारच्या जेट इंजिनात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून बटण दाबलं की ते क्षेपणास्त्राला जमिनीवरून थेट स्वनातीत (आवाजाहून जास्त) वेगाने उचलतं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पहिला अर्धा भाग बहुतांशी बरोबर आहे, म्हणूनच उरलेलाही खरा वाटतो.

जेट इंजिनाला दाबलेली हवा लागते. विमानात ती फिरती पाती दाबतात. रॅमजेटमध्ये पाती नाहीत. समोरून आदळणारी हवा तोंडाशीच मंदावते आणि त्या मंदावण्यातूनच दाब तयार होतो. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात धरा, हवा हात मागे ढकलते. गाडी थांबली की ढकलणंही थांबतं. रॅमजेटचं नेमकं तसंच आहे.

आकडा स्वतः काढून पाहा. मॅक आकडा म्हणजे वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे ते. त्याचा वर्ग करा, ०.२ ने गुणा, १ मिळवा आणि उत्तराचा ३.५ वा घात घ्या. आदर्श स्थितीत मॅक ०.५ ला दाब जेमतेम १.२ पट, मॅक २ ला जवळपास ७.८ पट, मॅक ३ ला सुमारे ३७ पट. वेग शून्य असेल तर उत्तर १, म्हणजे दाबवाढ काहीच नाही.

म्हणून ब्राह्मोससारख्या क्षेपणास्त्रात आधी घन इंधनाचा बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा धक्का देणारं रॉकेट, पेटतो. तो वेग देतो, जळून गळून पडतो आणि मग रॅमजेट काम हाती घेतं. उड्डाणाच्या चित्रफितीत सुरुवातीला दिसणारा दाट धूर या बूस्टरचाच असतो.