राजोद्यान

राजाने किंवा राजघराण्यातील व्यक्तीने विहारासाठी, परकीय पाहुण्यांच्या स्वागतासाठी वा आपली सत्ता डोळ्यांना दिसावी म्हणून घडविलेली विस्तृत बाग. या नोंदीत मुख्यतः भूदृश्य पद्धतीच्या राजोद्यानांचा विचार केला आहे. जमिनीचा चढउतार, वाहते किंवा अडवलेले पाणी, झाडी आणि कुंपणापलीकडचा देखावा हेच या पद्धतीचे साहित्य असते. फ्रान्समधील व्हर्सायसारख्या रेखीव, सममित बागांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

शब्द : नाशिक परिसरात नुसते ‘बाग’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर द्राक्षांचा मांडव उभा राहतो. बाग, बगीचा, गुलशन हे सर्व शब्द फारसीतून मराठीत आले. संस्कृतात उद्यान, उपवन, आराम असे शब्द आहेत. त्यांपैकी ‘आराम’ म्हणजे मन रमविणारी जागा, आणि बौद्ध भिक्षूंचा ‘संघाराम’ त्यावरूनच. फारसी ‘आराम’ याच कुळातला असून मराठीत आज विश्रांतीचा अर्थ रूढ आहे तो त्या वाटेने. अवेस्तेतील ‘पइरिदएझ’ (सभोवती भिंत असलेली जागा) हा शब्द ग्रीकांनी ‘पारादेइसोस’ असा उचलला. सार्डिस येथे धाकट्या सायरस या इराणी राजपुत्राने आपली बाग स्पार्टाचा सेनानी लायसँडर याला दाखविली व त्यातली काही झाडे आपण स्वतःच्या हाताने लावल्याचे सांगितले, असा प्रसंग ग्रीक लेखक झेनोफनने नोंदविला आहे. युरोपीय भाषांतील स्वर्गवाचक शब्द आणि फारसी ‘फिर्दौस’ या एकाच मुळाशी जातात.

प्राचीन काळ : इराणातील पासारगादे येथे थोरल्या सायरसच्या (इ. स. पू. सहावे शतक) प्रासादाभोवती दगडी पन्हळी व लहान चौकोनी कुंडे सापडली आहेत. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड स्ट्रोनॅक यांनी त्यांच्या आधारे चार भागांत विभागलेल्या बागेचा, म्हणजे पुढच्या ‘चारबाग’ रचनेचा, तो आरंभ मानला. पन्हळींची मांडणी पुरेशी जपली गेलेली असली, तरी चौथा भाग बराचसा तर्काने पूर्ण केलेला आहे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. चार नद्यांची स्वर्गकल्पना इस्लामी काळात या आकृतीला जोडली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

श्रीलंकेतील सिगिरिया येथे राजा काश्यप (कार. ४७७–४९५) याने प्रचंड कातळाच्या पायथ्याशी सममित जलोद्यान आखले. त्यामागे मात्र मोठमोठ्या शिळा होत्या तशाच ठेवून त्यांच्यामधून वाटा काढल्या. रेखीव आणि निसर्गरूप अशा दोन पद्धती शेजारी शेजारी आढळणारे हे फार जुने उदाहरण होय. पावसाळ्यात तिथली काही कारंजी आजही उडतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा उल्लेख उद्यानाच्या इतिहासात सहसा होत नाही; तो व्हायला हवा. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लांबलचक लेख तेथील ओसरीच्या मागच्या भिंतीवर, थेट छताखाली कोरलेला आहे. मान उंचावूनच तो वाचावा लागतो. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे धर्मशाळा बांधणारा, असे स्वतःचे वर्णन केल्यावर त्यात ‘आराम-तडाग-उदपान’ म्हणजे बागा, तलाव आणि विहिरी करणारा, असे शब्द येतात. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर, आणि गंगापूर रस्त्याच्या बाजूचे त्याच नावाचे गाव आजही आहे. याच लेखात नानंगोल गावातील नारळांच्या दानाचा आकडा ३२,००० असा आहे. त्यातील ‘मूल’ शब्दाचा अर्थ झाडाचा बुंधा की झाडांचे मोल, यावर एकवाक्यता नाही. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात. ती शक संवताची धरल्यास इ. स. ११९ ते १२४ हा काळ निघतो. नाण्यांचा व सागरी व्यापाराच्या पुराव्याचा आधार घेणारे काही अभ्यासक मात्र ती नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानून काळ पहिल्या शतकात मागे नेतात, व हा पक्ष अलीकडे बळावत आहे. उषवदाताचे ‘आराम’ राजविहाराचे नव्हते, वाटसरू व भिक्षू यांच्या सोयीचे होते. पण बाग, तलाव व विहीर हे तिन्ही शब्द एका समासात येतात, यात पाण्याशिवाय बाग नाही हे दख्खनी शहाणपण स्पष्ट दिसते.

चीन : हान सम्राट वू याने इ. स. पू. १३८ च्या सुमारास शांगलिन हे जुने शिकारवन वाढविले. त्याच्याच काळात तलावात तीन बेटे रचून त्यांना अमर सिद्धांच्या पेंगलाय, फांगझांग व यिंगझौ या पर्वतांची नावे देण्यात आली. ‘एक तलाव, तीन पर्वत’ हा संकेत पुढे दोन हजार वर्षे टिकला. बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यातील कुनमिंग सरोवरातही तीन बेटे आहेत ती यामुळेच. या उद्यानाचे क्षेत्र सुमारे २९० हेक्टर असून त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली आहे.

जी चेंग याने १६३१ मध्ये लिहिलेल्या उद्यानशास्त्रावरील ग्रंथात ‘उसना देखावा’ ही कल्पना मांडली. बागेबाहेरचा डोंगर, मनोरा, उडता पक्षी हे सर्व बागेचेच समजून वाट व खिडकी आखायची, असे तो सांगतो. कुनमिंगच्या काठावरून पश्चिमेला जेड झऱ्याच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो. तो उद्यानाच्या भिंतीबाहेर आहे, पण पाहणाऱ्याला हे सांगावे लागते.

चिंग घराण्याच्या काळात ही कला परमावधीला पोहोचली. चंगदे येथील डोंगरी विहारस्थान १७०३ ते १७९२ या काळात घडत गेले. त्याचे क्षेत्र ५६४ हेक्टर आहे. कांगशी सम्राटाने तिथल्या ३६ देखाव्यांना चार अक्षरी, तर त्याचा नातू चियानलाँग याने आणखी ३६ देखाव्यांना तीन अक्षरी नावे दिली. बीजिंगजवळचे युआनमिंगयुआन अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले व चियानलाँगच्या काळात सुमारे ३५० हेक्टरांपर्यंत विस्तारले. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच फौजांनी ते लुटले, आणि ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून १८ ऑक्टोबरला त्याला आग लावण्यात आली. इमारती मुख्यतः लाकडी असल्याने मागे राहिले ते बहुतांशी युरोपीय धर्तीवर बांधलेल्या संगमरवरी महालांचे अवशेष. उद्यानकलेच्या इतिहासात याहून मोठी हानी झालेली नाही.

इंग्लंड व उगमाचा वाद : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सरळ रांगा, कातरलेली झुडपे व भौमितिक वाफे मागे पडून वळणदार तळी, हिरवळीचे उतार व मोकळे वृक्षसमूह आले. ही कल्पना मूळची इंग्रजी की चिनी, यावर जवळजवळ तीनशे वर्षे वाद चालू आहे.

वादाचा पहिला दुवा ‘शारावाजी’ हा चमत्कारिक शब्द. विल्यम टेंपल या मुत्सद्द्याने १६८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात, चिनी लोक रांगेत झाडे लावण्याला हसतात व नजरेला लगेच न कळणाऱ्या मांडणीच्या सौंदर्याला हा शब्द वापरतात, असे सांगितले. असे सौंदर्य पाहायचे तर उत्तम ‘इंडिया गाउन’, पडदे व चिनी मातीची भांडी पाहा, असेही तो म्हणतो. शब्दाचे मूळ चिनीत शोधण्याचे प्रयत्न झाले, पण समाधानकारक ठरले नाहीत. जपानी मूळ सुचविणाऱ्यांत दोन पक्ष असून, त्यांपैकी ‘शारे-आजी’ म्हणजे वस्त्रावरील नक्षीतील रसिक, खेळकर चव, हे एका डच अभ्यासकाने पुढे आणलेले मत सर्वांत सयुक्तिक वाटते. टेंपल हेगमध्ये राजदूत होता, जपानशी व्यापार डचांच्या हाती होता, आणि युरोपात ‘इंडिया गाउन’ म्हणून विकली जाणारी कित्येक वस्त्रे जपानी घडणीची होती. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कापडावरची नक्षी बागेच्या चर्चेत कशी शिरली हे उलगडते. स्वतः टेंपलने इंग्रजांना हा प्रयोग करू नये असाच सल्ला दिला होता, हे पुष्कळदा विसरले जाते.

दुसरा दुवा मातेओ रिपा या इटालियन धर्मोपदेशकाचा. त्याने कांगशीच्या आज्ञेने चंगदेच्या ३६ देखाव्यांची ताम्रपटांवरून चित्रे छापली व १७२४ मध्ये मायदेशी परतताना तो लंडनला थांबला. त्याच्या चित्रांचा एक संच लॉर्ड बर्लिंग्टनच्या संग्रहात होता, आणि बर्लिंग्टनच्याच आश्रयाला उद्यानरचनाकार विल्यम केंट होता. केंटने ती चित्रे पाहिली असण्याचा संभव मोठा आहे, परंतु त्याच्या आराखड्यांत रोमच्या आसपासचे निसर्गचित्रण आणि रंगभूमीवरचे नेपथ्य यांचा ठसा अधिक ठळक दिसतो. तिसरा दुवा झां-देनी आतिरे या चियानलाँगच्या दरबारातील फ्रेंच चित्रकाराचा. त्याचे १७४३ चे युआनमिंगयुआनचे वर्णन १७४९ मध्ये प्रसिद्ध झाले व १७५२ मध्ये इंग्रजीत आले. पण तोवर इंग्लंडमधील स्टो व राउशम येथील बागांतले केंटचे काम होऊन गेले होते.

इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने चिनी प्रभाव साफ नाकारला. कुंपण ओलांडून सारा निसर्गच बाग आहे हे प्रथम केंटने पाहिले, असे त्याचे म्हणणे. हे ओलांडणे ज्यामुळे शक्य झाले तो ‘हा-हा’ नावाचा खंदक मुळात साधी युक्ती आहे. आपल्याकडे शेताच्या कडेला खणतात तसा चर, फक्त आतली बाजू भिंतीने उभी बांधलेली आणि बाहेरची बाजू उताराची. मेंढ्या चरत चरत भिंतीपर्यंत येतात व थांबतात. महालाच्या खिडकीतून चर दिसतच नाही, त्यामुळे हिरवळ थेट कुरणात मिसळल्यासारखी वाटते. ही युक्ती फ्रेंच लष्करी तटबंदीतून आली असे सामान्यतः मानले जाते.

दोन्ही टोकांपेक्षा मधले मत स्वीकारणे योग्य. इंग्रजी अभिरुची आपल्या वाटेने बदलत होती, आणि चीनच्या वर्णनांनी तिला एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करता येते असा धीर दिला. फ्रेंचांनी रूढ केलेले ‘आंग्ल-चिनी बाग’ हे नाव या अर्थाने अर्धे खरे आहे. १७९३ मध्ये चंगदेला गेलेला ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी यानेही नोंद केली आहे की, चीन खुला असता तर इंग्रज उद्यानरचनाकार लान्सलॉट ब्राउनने आपल्या कल्पना इथूनच घेतल्या असे आपण शपथेवर म्हटले असते. हा ब्राउन १७६४ पासून तिसऱ्या जॉर्जचा हॅम्प्टन कोर्ट येथील प्रमुख माळी होता. तर कँटनला प्रत्यक्ष जाऊन आलेला विल्यम चेंबर्स याने राजमाता ऑगस्टा हिच्या लंडनजवळील क्यू येथील उद्यानात १७६२ मध्ये सुमारे ५० मीटर उंचीचा पॅगोडा उभारला. त्याला दहा मजले आहेत. चिनी पॅगोड्याचे मजले परंपरेने विषम असतात, आणि नमुना समुद्र ओलांडताना काय गळून पडते ते एवढ्या एका तपशिलात कळते.

प्रसार : जर्मनीत आनहाल्ट-देसाउचा राजपुत्र फ्रांझ याने १७६९ नंतर व्यॉर्लिट्स येथे इंग्रजी धर्तीचे उद्यान केले. ते सर्वांना खुले होते व फळझाडे आणि शेते त्यातच गुंफलेली होती. रशियाच्या कॅथरिनने १७७२ मध्ये व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात आपल्या इंग्रजी बागांच्या वेडाची कबुली दिली. म्युनिकचे इंग्रजी उद्यान १७८९ चे, आणि नायसे नदीच्या दोन्ही काठांवरचे म्युस्काउ १८१५ नंतरचे. राजाची बाग लोकांची होण्याची प्रक्रिया अमेरिकेत पूर्ण झाली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा (१८५८, ८४३ एकर) एक आराखडाकार ओल्मस्टेड १८५० मध्ये इंग्लंडातील बर्कनहेडचे सार्वजनिक उद्यान पाहून आला होता.

भारत व दख्खन : मोगल चारबाग रेखीव असल्याने तिला काटेकोरपणे भूदृश्य उद्यान म्हणता येत नाही. काश्मीरमध्ये मात्र ही चौकट सैल होते. दल सरोवराकाठच्या निशात बागेच्या वरच्या टप्प्यावरून पाहिले की सरोवर बागेचाच शेवटचा हौद वाटतो. दख्खनमध्ये निजामशाहीची फराहबाग (अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) १५८३ च्या सुमारास पुरी झाली. भल्यामोठ्या हौदाच्या मधोमध अष्टकोनी महाल आणि त्याला जमिनीखालच्या नळाने दुरून आणलेले पाणी अशी तिची रचना. पेशव्यांचा पुण्यातील हिराबाग पर्वतीच्या तळ्याकाठी होता.

मोगल अमलात नाशिकचे नाव ‘गुलशनाबाद’ झाले. मराठा काळातील काही रुपयांवर टांकसाळीचे नाव म्हणून ते आढळते. ‘गुलाबांचे शहर’ हा नेहमी दिला जाणारा अर्थ सैल आहे, कारण ‘गुलशन’ म्हणजे फुलबाग. शिवाय औरंगाबादला ‘खुजिस्ता बुनियाद’, बीदरला ‘जफराबाद’ अशी गौरवनामे देण्याची मोगलांची रीत होती. त्यामुळे नावावरून येथे एखादी शाही बाग होती असे अनुमान काढता येत नाही. गोदावरीकाठची सुपीक, पाणथळ जमीन पाहून ते सुचले असावे. दिंडोरी तालुक्यात मोहाडी, जानोरी येथे पॉलिहाऊसमध्ये पिकणारा गुलाब अगदी अलीकडचा असून त्याचा त्या नावाशी संबंध जोडू नये. पेशवाईत रघुनाथरावाचा वाडा गोदाकाठी आनंदवल्लीस होता, आणि गोपिकाबाई गंगापूरला राहिल्या.

राजोद्यानांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाशी नाशिक जिल्ह्याचा खरा संबंध येतो तो बडोद्याच्या मार्गाने. मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे १८६३ मध्ये जन्मलेले तिसरे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक गेले. १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवर सयाजीबाग झाली, ती राजाची असूनही प्रजेसाठी. लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग क्यूत तयार झालेल्या विल्यम गोल्डरिंगने आखली. क्यू येथेच काम केलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल १८९३ मध्ये सयाजीरावांच्या सेवेत आला, आणि १९०८ मध्ये तेथून म्हैसूर संस्थानात जाऊन हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेल्या बंगळूरच्या लालबागेची सूत्रे त्याने हाती घेतली.