गिनीपिगांचे स्नान व स्वच्छता

घरात एकत्र पाळलेल्या गिनीपिगांचे अंग आणि पिंजरा निरोगी ठेवण्याची पद्धत. गिनीपिग (काव्हिया पोर्सेलस) हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज भागातला कृंतक प्राणी. डुकराशी त्याचे काही नाते नाही. त्याला सोबत लागते, म्हणून किमान दोन पाळावेत. स्वच्छता म्हटले की आपल्याला आधी बादली आणि साबण आठवतो. इथे मात्र आंघोळ हा शेवटचा उपाय.

गिनीपिग स्वतःच अंग साफ करतो. डोळ्यांतून दुधट द्रव काढून पुढच्या पंजांनी तोंडभर फिरवतो. नवखे मालक हे पाहून ‘डोळे आले’ म्हणून घाबरतात. पाठीच्या टोकाला तैलग्रंथी असते. ती जमिनीवर घासून तो आपला वास सोडतो. मोठ्या नरांत तिथले केस चिकटतात. खोबरेल तेलाने मळ सैल करून तेवढाच भाग पुसावा.

वासावरच सोबती एकमेकांना ओळखतात. एकालाच धुऊन परत सोडले, तर दुसरा त्याला परका समजून दात कडकडवतो, विशेषतः नरांत भांडण पेटू शकते. म्हणून पिंजरा धुतल्यावर मूठभर जुने, कोरडे गवत परत टाकतात.

जुलाबाने बरबटणे, लांब केसांना लघवी चिकटणे किंवा पशुवैद्याने औषधी शांपू देणे, एवढ्यासाठीच पाणी. टबात तळाशी टॉवेल, दोन बोटे कोमट पाणी, डोके कोरडे. माणसांचा शांपू टाळावा. लाल मातीही नको. ती तालमीत ठीक. धुळीत लोळून अंग साफ करणारा प्राणी चिंचिला, गिनीपिग नव्हे. नंतर केस मुळापर्यंत कोरडे करणे हे खरे काम, कारण ओल्या अंगाला गारठा लागतो.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे महिने अवघड. दमट हवेत ओलसर बिछान्यावर नायटा व पायाच्या तळव्याला जखमा होण्याची भीती वाढते, आणि नायटा माणसालाही लागतो. गिनीपिगाचा मागचा भाग ओला राहिला की माश्या अंडी घालतात, आळ्या पडतात. तो रोज उलटून पाहावा. राधानगरी-गगनबावड्याकडची भाताची पिंजर बिछान्याला चालते, पण कुबट वास आलेली पेंढी घेऊ नये. लघवीतल्या कॅल्शियमचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. फिनेलचा उग्र वास या जिवाला सोसत नाही. ओला कोपरा रोज काढावा, पूर्ण सफाई आठवड्याला.

बिछान्याला कापड वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात तीन जोड ठेवावेत: एक पिंजऱ्यात, एक दोरीवर आणि एक आदल्या वेळचा, अजून न वाळलेला.