इंग्रजी तोंडातले फ्रेंच स्वर

फ्रेंचमध्ये ‘वर’ (dessus) आणि ‘खाली’ (dessous) या अर्थाच्या दोन शब्दांत फरक फक्त एका स्वराचा आहे. एकाच्या शेवटच्या भागात नुसता यू, दुसऱ्याच्या तिथे ओ-यू ही जोडी. बाकी अक्षरं तीच. किल्ली पायपुसण्यावर आहे की पायपुसण्याखाली, हे त्या एका स्वरावर ठरतं. इंग्रजीभाषक दोन्ही वेळा ‘दसू’ म्हणतो आणि समोरचा फ्रेंच माणूस उगाच पायपुसणं उचलून बघतो.

हा एकटा यू म्हणजे जिभेनं ‘ई’ आणि ओठांनी ‘ऊ’. करून बघा: लांब ‘ई’ धरा, जीभ जागची हलू देऊ नका आणि ओठांचा चंबू करा. कुजबुजत केलंत तर आणखी स्पष्ट कळेल, कारण ओठ पुढे येताच आवाजाची पट्टी उतरते. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात साधारण 17 सेंटिमीटर लांब असते. चंबू केला की ती थोडी लांबते, तोंडाशी अरुंद होते, आणि तिचे अनुनाद, म्हणजे ती ज्या पट्ट्यांत घुमते त्या, खाली येतात. स्वर ओळखताना कान या अनुनादांवरच विसंबतो. ओ-यू जोडीच्या स्वरात दुसरा अनुनाद 1,000 हर्ट्‌झच्या बराच खाली असतो, एकट्या यूमध्ये 1,800 च्या आसपास किंवा त्याहूनही वर. म्हणजे फरक बारीकसारीक नाही, चांगला ढळढळीत आहे.

असा स्वर जुन्या इंग्रजीत होता, पुढे तो गेला. त्यामुळे फ्रेंचमधून शब्द घेताना इंग्रजीनं एक युक्ती केली: जिभेनं आणि ओठांनी एकाच वेळी करायची कामं एकापाठोपाठ केली. आधी जिभेचा ‘य’, मग ओठांचा ‘ऊ’. ‘मेन्यू’ आपल्याकडे आला तो असाच, इंग्रजी तोंडातून फिरून.

सगळ्यांना वाटतं, अवघड आहे तो हाच स्वर. जेम्स फ्लेगी या अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञानं 1987 मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापं मात्र उलटंच सांगतात. फ्रेंच चांगलं मुरलेल्या अमेरिकन मंडळींचा एकटा यू जवळजवळ फ्रेंच माणसासारखा निघाला. फसला तो ओ-यूचा साधा ‘ऊ’. कारण त्याच्या जोडीचा ‘ऊ’ इंग्रजीत आहे, पण तो जरा पुढच्या बाजूचा. दक्षिण इंग्लंडमध्ये तर गेल्या काही दशकांत तो आणखी पुढे सरकला आहे. फ्रेंच ‘ऊ’साठी जीभ पार मागे घ्यावी लागते. नवा आवाज दिसला की मेंदू त्याच्यासाठी नवा खण करतो. ओळखीचा वाटला की जुन्याच खणात टाकून मोकळा होतो. उच्चार शिकवणारे शिक्षक बहुतेक सगळा वेळ त्या एकट्या यूवर घालवतात, हे मला म्हणूनच पटत नाही.

‘ए’ आणि ‘ओ’ची गतही हीच. इंग्रजी ‘डे’ नीट ऐका, शेवटी तो ‘ई’कडे घसरतो, ‘गो’ ‘ऊ’कडे. म्हणून इंग्रजी तोंडात ‘कॅफे’चं ‘कॅफेय’ होतं. फ्रेंच स्वर सुरू होतो तिथेच संपतो, जबडा हलत नाही. आरशासमोर बसून हनुवटीवर बोट ठेवलं तरी घसरगुंडी पकडता येते. मराठी ‘ए’ आणि ‘ओ’ मुळातच स्थिर असल्यामुळे पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांची ही कटकट वाचते, फक्त ते इंग्रजीची सवय मध्ये आणत नसतील तर.

राहिले नाकातले स्वर. ‘अँ बों वँ ब्लाँ’, म्हणजे ‘एक चांगली पांढरी वाईन’: चार शब्द, चार अनुनासिक स्वर. इथे मृदू टाळू खाली येतो आणि हवा तोंडातून व नाकातून एकदमच जाते, पण जीभ वर कुठेही टेकत नाही. इंग्रजीभाषक स्वर नाकात नेतो खरा, पण पाठोपाठ जीभ दातांमागे टेकवून ‘न’ काढतो. ‘बों’चा ‘बोन’ झाला की गोंधळ होतो, कारण ‘चांगला’चं स्त्रीलिंगी रूप ऐकू येतं ते त्या ‘न’मुळेच. गंमत म्हणजे त्या स्त्रीलिंगी रूपातला स्वर मुळीच नाकातला नाही! आपणही सावध राहावं. मराठी डोळ्याला अनुस्वार दिसला की जीभ लगेच न-म शोधू लागते.

पॅरिसमध्ये या चारांतले पहिला आणि तिसरा आता बहुतेकांच्या तोंडी एकच झाले आहेत, त्यामुळे तिथे शिकणाऱ्याला तीनच पुरतात. दक्षिणेत, तुलूझ-मार्सेयच्या बाजूला, चारही अजून वेगवेगळे टिकून आहेत. आणि तिथले लोक अनुनासिक स्वराच्या शेवटी हलकासा ‘ङ्’ लावतात. पाव मागताना त्यांचं ‘पँ’ चक्क ‘पङ्’सारखं ऐकू येतं.