सुलोचना म्हणजे नेमक्या कोणत्या?

१९५३च्या ‘अनारकली’ या हिंदी चित्रपटातली जोधाबाई सुलोचना लाटकर यांनी केली, असं म्हटलं जातं. ती सुलोचनाबाईंनी केली, हे खरंच. पण त्या सुलोचनादीदी, म्हणजे लाटकर, नव्हेत. पडद्यावर ‘आई’ आणि नाव ‘सुलोचना’ म्हटल्यावर मराठी माणसाला लाटकरच आठवणार. तिथेच गफलत होते. ती जोधाबाई रूबी मायर्सची; तिचंही पडद्यावरचं नाव ‘सुलोचना’च. त्याच वर्षीच्या ‘वहिनींच्या बांगड्या’मधल्या सुलोचना मात्र लाटकर.

रूबी मायर्सचा जन्म १९०७चा, पुण्यातल्या ज्यू कुटुंबातला. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणाऱ्या या मुलीला दिग्दर्शक मोहन भवनानींनी कोहिनूर फिल्म कंपनीच्या मूकपटांत आणलं आणि ती ‘सुलोचना’ झाली. पुढे ती इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तिच्या एकटीच्या आठ भूमिका होत्या, त्यात एक पोलिसाचीही! मूकपटात उच्चार कोण ऐकणार? बोलपट आला आणि हिंदुस्तानी भाषेपाशी ती अडली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) इंपीरियलचाच, पण नायिका झुबेदा. रूबीने भाषा शिकून घेतली, १९३२च्या ‘माधुरी’त ती बोलली, आणि मग कंपनीने तिचे जुने मूकपट बोलके करून घेतले. १९२९ची ‘इंदिरा बी.ए.’ १९३४ साली ‘इंदिरा एम.ए.’ झाली, आवाजाबरोबर पदवीही वाढली म्हणायची. १९२८ आणि १९३५ अशा दोन्ही ‘अनारकली’त नायिका तीच. म्हणून १९५३ची जोधाबाई ही तिची तिसरी ‘अनारकली’.

सुलोचना लाटकर १९२८च्या, चिकोडीजवळच्या खडकलाटच्या. म्हणजे रूबी पहिली अनारकली झाली ते यांचं जन्मवर्ष. त्या घडल्या कोल्हापुरात, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. मूकपटाशी त्यांचा संबंध येणंच शक्य नाही.

तेव्हा चित्रपट १९४०च्या आधीचा असेल तर विचारच नको: रूबी. मराठी कौटुंबिक चित्रपट, ‘मोलकरीण’ वगैरे: लाटकर. अडचण १९५० ते ७०च्या हिंदी चित्रपटांची. दोघी काम करत होत्या आणि श्रेयनामावलीत बहुतेकदा नुसतं ‘सुलोचना’ असतं. तिथे नावावरून यादी करू नका, चेहरा पाहा. वयात एकवीस वर्षांचं अंतर आहे.

पुरस्कारांतही हीच सरमिसळ होते. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार रूबीचा. पद्मश्री आणि महाराष्ट्र भूषण लाटकरांचे. रूबी १९८३ साली गेली, दीदी २०२३ साली. आणि लावणीवाल्या सुलोचना चव्हाण आणखी वेगळ्या.