जोडीदाराविना सराव : टाळेबंदी आणि मार्शल आर्ट्सचे खेळाडू

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक साथ जाहीर केली आणि देशोदेशीचे दोजो (जपानी मार्शल आर्ट्सची सरावगृहं), आखाडे, बॉक्सिंग हॉल बंद होत गेले. घरात अडकलेल्या ज्यूदोपटूच्या हाती उरला तो दाराच्या कडीला अडकवलेला रबरी पट्टा. तो दोन्ही मुठींत धरायचा, वळायचं, गुडघे वाकवून फेकीची सुरुवात शेकडो वेळा घोटायची. पायांची सवय त्याने टिकते. पण पट्टा तोल बदलत नाही, उलटा ओढत नाही. समोरच्याची बाही पकडल्यावर त्याच्या पुढच्या हालचालीची जी चाहूल हाताला लागते, ती त्यात कुठून येणार?

या अडचणीचं मूळ खेळाच्या घडणीतच आहे. १८८२ मध्ये कानो जिगोरो यांनी ज्यूदोची स्थापना केली, तेव्हा ‘काता’बरोबर, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींबरोबर, ‘रंदोरी’ला, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या झुंजीला, त्यांनी मानाचं स्थान दिलं. कराटेतला काता मात्र एकट्यानेही करता येतो, तायक्वांदोतलं पूमसे, म्हणजे तिथला ठरलेल्या हालचालींचा क्रम, तोही. साहजिकच टाळेबंदीचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. जागतिक तायक्वांदो संघटनेने २०२० मध्ये पूमसेची स्पर्धा ऑनलाइनही घेतली. कुमितेला, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीला, तशी सोय नव्हती.

शरीराचं म्हणाल तर आधी जातो तो दम. कसून चाललेला सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांतच दमसास घटू लागतो. ताकद त्या मानाने टिकते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत पहिल्या १,०४७ जणांच्या उत्तरांवरून रोजचं बसणं सुमारे ५ तासांवरून ८ तासांवर गेल्याचं दिसलं. ही पाहणी सर्वसाधारण लोकांची होती, पण वजनगटात खेळणाऱ्याला एवढ्या बैठकीची धास्ती किती वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

मनावरचा ताण मला याहून मोठा वाटतो. २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढे ढकललं गेलं. नवी तारीख ठरली २३ जुलै २०२१. कराटे तिथे पहिल्यांदाच येणार होतं आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या प्रस्तावित यादीतून ते २०१९ मध्येच गळलं होतं. म्हणजे कराटेपटूंच्या एका अख्ख्या पिढीला तेवढी एकच संधी, आणि तीही वर्षभर लांबणीवर. कशासाठी घाम गाळायचा हे ठाऊक असतं तेव्हा थकवा सोसतो. तारीखच हलली की तोच सराव जड होतो.

ज्यूदोचा आंतरराष्ट्रीय दौरा ऑक्टोबर २०२० मध्ये बुडापेस्टला पुन्हा सुरू झाला. त्या वर्षी १३ डिसेंबरला टोकियोच्या कोदोकानमध्ये, म्हणजे ज्यूदोच्या मुख्यालयात, प्रेक्षकांविना, ६६ किलो गटातल्या जपानच्या एकमेव ऑलिंपिक जागेसाठी आबे हिफुमी आणि मारुयामा जोशिरो समोरासमोर आले. ज्यूदोची नेहमीची लढत ४ मिनिटांची. ही २४ मिनिटं चालली, आणि आबे जिंकला.